विचारलं तर सांगेन

अंबरनाथ स्टेशनाबाहेर चिंचेच्या झाडाखाली धर्मराज शेलाराचं सायकलीचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं. लढाई संपून कल्याण कॅम्पातल्या बराकी ओस पडल्या तेव्हा तिथून आणलेले पत्रे, ते तोलून धरणाऱ्या बल्ल्या, आणि फांद्यांना लटकवलेले टायर. लांबून पाहणाऱ्याला वाटे, चिंचेला यंदा भलतीच फळं धरलीत. पण पन्नास सालानंतर त्या गावात कारखान्यांचे भोंगे वाढत गेले, आणि भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं तर बुडाखाली सायकल हवी हे सगळ्यांना कळून चुकलं. कोरी सायकल घेणारे साहेबलोक मोजके. बाकीच्यांना धर्मराज होता.

तो जुन्या सायकली आणायचा, खोलायचा, रॉकेलात धुवायचा, हिची चेन तिला आणि तिचं चाक हिला चढवायचा. मग वर काळा कुळकुळीत रंग, आणि रंगावर मडगार्डापासून हँडलाच्या मानेपर्यंत एक सोनेरी रेघ. ती रेघ ओढताना तो श्वास धरून ठेवी. आळीतल्या बायका म्हणत, एवढ्या मायेनं यानं राजाबाईकडे उभ्या जन्मात पाहिलं नसेल. राजाबाई म्हणजे त्याची बायको. तिच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, रेघ एका पावसाळ्यात जाते, मी अजून इथंच आहे.

नाव धर्मराज आणि धंदा जुन्याचं नवं करून विकण्याचा, तेव्हा गाव चेष्टा करणारच. पण त्याचा एक नेम होता, आणि तो त्यानं कुणापासून लपवलेला नव्हता. गिऱ्हाईक जे विचारील त्याचं उत्तर खरं द्यायचं, अगदी स्वतःच्या अंगाशी येईल इतकं खरं. आणि जे विचारणार नाही त्याबद्दल ब्र काढायचा नाही. ‘विचारलं तर सांगेन,’ एवढंच तो म्हणे आणि पाना हातात घेई. देवानं गिऱ्हाइकाला डोळे दिलेत, जीभ दिली आहे. ती वापरायची की सुपारी चघळायला ठेवायची, हा त्याचा प्रश्न.

या नेमामुळे त्याच्याकडून सायकल घेणं हा गावाचा एक खेळच होऊन बसला. कारखान्यातले कारकून श्यामकांत टिपणीस एका रविवारी जेवून आले ते दिवेलागणीलाच उठले. चेन कुठली, विचारलं. तिसऱ्या सायकलीची, धर्मराज म्हणाला. टायर? पुढचा बरा आहे, मागच्याला आतून चामड्याचा तुकडा लावलाय. रिम? वाकली होती, ठोकून सरळ केली. एवढं निर्मळ खरं टिपणिसांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सद्गदित होऊन त्यांनी तीच सायकल घेतली आणि घरी जाताना एका म्हशीवर जाऊन आदळले. दुसऱ्या दिवशी लंगडत आले, तर धर्मराजानं त्यांना चहा पाजला आणि नम्रपणे सांगितलं की ब्रेकांचं तुम्ही विचारलं नव्हतंत.

ब्रेक त्यानं फुकट बसवून दिले, हेही सांगितलं पाहिजे. पण हसू व्हायचं ते झालंच. पुढल्या खेपेला, टिपणिसांच्या भावासाठी सायकल घ्यायची होती तेव्हा, त्यांची बायको कुमुदिनी स्वतः आली. तिनं ना चेन पाहिली, ना चाक फिरवलं. पदर सावरून एकच विचारलं.

“ही सायकल तुम्ही तुमच्या मुलीला द्याल का?”

धर्मराजानं सायकलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि सायकल परत आत नेऊन ठेवली. गावानं ही गोष्ट होळीपर्यंत पुरवून खाल्ली.

तसं पाहिलं तर न विचारता सांगायची अशी एकच गोष्ट त्याच्या धंद्यात होती, ती म्हणजे चिमटा. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो चिमटा. मोडलेला चिमटा झाळून, म्हणजे पितळ वितळवून सांधून, तो कधी विकत नसे. कुणाच्या सायकलीचा तसा दिसला तर सायकल अडकवून ठेवी आणि शिव्या देई. कारण असं की लढाईच्या दिवसांत तो छावणीत सोजिरांच्या सायकली दुरुस्त करत असताना एक जाडजूड हवालदार झाळलेल्या चिमट्याच्या गाडीवरून उतारावर तोंडावर पडला होता, आणि त्याचे पुढचे दात धर्मराजालाच धुळीतून वेचून द्यावे लागले होते. तेव्हापासून धर्मराजाचा सगळा धर्म त्या हवालदाराच्या दातांवर उभा होता. राजाबाईला हे पुरेसं वाटत नसे. ती म्हणे, दात तेवढे देवाचे, आणि बाकी अंग काय रस्त्यावर पडलंय?

तर अशा या धर्मराजाची मुलगी कुंदा लग्नाची झाली. मुलगी बापाच्या हाताखाली वाढलेली, चाकाच्या तारा बोटांनी छेडून आवाजावरून ढिली तार सांगणारी. दुकान बंद असलं की नळीच्या खालून पाय घालून ती सायकलही फिरवायची, आणि ते आईला ठाऊक नाही असं समजायची. तिला स्थळ आलं ते बदलापूरजवळच्या कात्रपचं. मुलगा जयदेव, कारखान्यात लागलेला, मान खाली घालून चालणारा, पण कुंदाला पाहायला आला तेव्हा तिच्याकडे दोनदा आणि दाराशी उभ्या सायकलीकडे एकदा पाहून गेलेला. कुंदाला हे प्रमाण पसंत पडलं.

मुलात काही खोट नव्हती. बाप मात्र कोंडाजी. कोंडाजीची भातशेती होती, मिशा होत्या, आणि लंगडा बैल चिखलात उभा करून विकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. चिखलात सगळेच बैल पाय ओढतात. गिऱ्हाइकाला कळायचं कसं? कात्रपमध्ये लोक त्याच्याशी व्यवहार करण्याआधी अंघोळ करत आणि केल्यावर पुन्हा करत, असं म्हणतात.

पूर्वी यांच्या लोकांत नवऱ्या मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज द्यायचा. कारखाने आले, पोरांना पगार सुरू झाले, आणि वारा फिरला. आता मुलाकडचे मागायला लागले, आणि मागायची ती सायकल. कोंडाजीनं बैठकीत पान जुळवत सांगितलं की बाकी आम्हाला काही नको, पण सायकल अशी पाहिजे की कात्रपच्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत. लगनाला नवरदेव त्याच सायकलीवरून मांडवात येईल. घोडी काय, ती तर सगळेच आणतात.

आता गंमत बघा. कोंडाजी ‘चकाकणारी’ म्हणाला, ‘डौलाची’ म्हणाला, ‘गावात नसेल अशी’ म्हणाला. ‘कोरी’ म्हणाला नाही. तो समजून चालला होता की सायकलवाला जावयाला जुनी कशाला देईल. आणि धर्मराजानं मान डोलावताना तो शब्द आला नाही हे बरोबर टिपलं.

घरी राजाबाईनं त्याला धारेवर धरलं. टिपणिसांच्या बायकोनं विचारलं होतं ते विसरलात काय, म्हणाली. आता खरंच मुलीच्या घरी जायचीय. धर्मराज म्हणाला, कोऱ्या सायकलीत काय असतं, पेटीतून काढली की झालं. मी करीन ती कोरीच्या तोंडात मारील. आणि हे तो मनापासून म्हणत होता, तीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला, कॅम्प नंबर दोनला गेला. तिथं बराकींच्या पुढल्या अंगाला सिंधी लोकांनी दुकानं थाटली होती. जे सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आले होते त्यांनी दोन-तीन वर्षांत सुईपासून शिवणयंत्रापर्यंत काय वाटेल ते विकायला सुरुवात केली होती. हासानंद जुन्या सायकली विके. गोरापान, गळ्यात फडकं, आणि कुणाही माणसाला ‘साईं’ म्हणून खाटेवर बसवायचाच. धर्मराजाचा आणि त्याचा जुना घरोबा. त्यानं एक विलायती सांगाड्याची, अंगानं भरीव गाडी पुढे केली. वरचा हिरवा रंग कुणी तरी घरीच फासलेला, सीट फाटकं, पण नळ्या सरळ, उभी राहण्याचा रुबाब तर असा की धर्मराज तिथंच विरघळला.

“साईं, मैंने खोला नहीं,” हासानंद म्हणाला. “जैसी आई वैसी दे रहा हूँ. तू खोल के देख लेना.”

यावर धर्मराजानं हो हो केलं आणि गाडी घेऊन निघाला. मुलीच्या लग्नाची गाडी मिळाल्याच्या आनंदात त्या सांगण्याकडे त्यानं, आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं देतात तेवढंच, म्हणजे मुळीच नाही, लक्ष दिलं.

मग तो त्या सायकलीवर तुटून पडला. चाकांना नव्या तारा ओवल्या, छर्रे बदलले, सीटला चामडं चढवलं, घंटा अशी बसवली की वाजली की स्टेशनमास्तर बाहेर डोकावावा. चिमटा तेवढा त्यानं उद्या खोलायचा म्हणून ठेवला. उद्या लग्नाचा बाजार आला, परवा आचारी आला. तेवढ्यात रंग लागला, रेघ ओढली गेली, आणि रेघ अशी साधली की त्यालाही पुन्हा साधली नसती. आता चिमटा काढायचा तर मानेजवळ रेघ मोडणार. त्यानं चिमट्याला दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला, तो हलला नाही, आणि चांगला आहे असं धर्मराजानं ठरवून टाकलं. हवालदाराचे दात त्या क्षणी त्याला आठवले नाहीत. दातांचं असंच असतं.

लग्नघरात नवी भांडी आली की त्यांच्यावर नावं घालायला तांबट यायचा. राजाबाईनं त्याला अंगणात बसवलं. तो छिन्नीनं टिंबं टिंबं मारत तांब्यांवर, परातींवर नावं कोरत होता. सगळं झाल्यावर राजाबाईला वाटलं, एवढी चांगली सायकल जातेय, तिच्यावरही जावयाचं नाव असावं. वरातीत वस्तूंची अदलाबदल होते, माणसांचा काय भरवसा.

तांबट म्हणाला, घालतो की. दिसणार नाही आणि पुसणार नाही अशी जागा म्हणजे तळ, भांड्याचा असो की कशाचा. त्यानं सायकल उलटी केली, पायडलांच्या मधल्या जाड नळीच्या खाली छिन्नीनं रंग जरासा खरवडला, आणि थांबला.

“वैनी, हितं जागा घेतलेली हाय.”

राजाबाई वाकली. रंगाच्या थराखाली टिंबांची ओळ होती. तांबटानं अंगठा फिरवला, थुंकी लावून पुसलं आणि हसायला लागला. म्हणाला, हा माझाच हात आहे की. कात्रपला एका दिवाळीला भांड्यांना नावं घालत होतो, तेव्हा घरमालकानं कळशीबरोबर सायकलपण पुढे केली होती. पोटाला चिमटा काढून घेतलीय म्हणाला, वस्तू आहे, नाव पाहिजे. आणि त्यानं वाचून दाखवलं. कोंडाजी, मुक्काम कात्रप.

सायकलीला भांड्यासारखं नाव घालणारा माणूस उभ्या मुलखात एकच असणार, आणि तोच विकताना ते नाव तळाशी आहे हे विसरून जाणार.

राजाबाईनं तांबटाला चहा देऊन वाटेला लावलं आणि धर्मराजाला हाक मारली. त्यानं नाव पाहिलं. आधी त्याला हसू आलं. व्याह्याचीच गाडी रंगवून व्याह्याला. मग हसू विरलं. लंगडे बैल खपवणारा चांगली गाडी विकतो कधी? तीसुद्धा हिरवा रंग फासून, कॅम्पात, जिथं त्याला कुणी ओळखत नाही तिथं? तो पाने घेऊन बसला आणि रेघ मोडून चिमटा बाहेर काढला. मानेच्या खालीच तो पुरता मोडलेला होता. वर पितळेची झाळ, झाळीच्या भेगांत लाख भरलेली, लाखेवर काजळी. हात चांगला होता. चिखलातल्या बैलापेक्षाही चांगला.

धर्मराज तो चिमटा मांडीवर घेऊन बसला. अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर रोज जाणारा जयदेव त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि मागे कॅरिअरवर बसलेली कुंदा.

राजाबाईचं म्हणणं सरळ होतं. अनोळखी माणसाच्या गळ्यात असली गाडी जाणूनबुजून बांधणारा माणूस, त्याच्या घरी आपली पोर द्यायची नाही. हळद लागायचीय अजून, आजच नारळ परत पाठवा.

“पोरगा चांगला हाय गं,” धर्मराज म्हणाला.

“पोरगा कारखान्यात असतो. माजी लेक दिवसभर त्या सासऱ्याच्या चुलीपाशी असनार.” आणि मग तिनं आवाज खाली आणला. “आन् तुमी कुठं मोठे लागून गेलात? त्यानं लाख भरली, तुमी तिच्यावर रेघ वढलीत. तांबट आला नसता तर?”

धर्मराजानं चिमटा मांडीवरून खाली ठेवला. विचारलं होतं, म्हणजे खरंच सांगायला हवं होतं, आणि खरं तर तिनंच सांगून टाकलं होतं.

शेवटी कुंदानं तोड काढली. ती दाराआडून सगळं ऐकत होती, लग्न तिचंच असल्यामुळे. ती म्हणाली, गाडी नवा चिमटा घालून द्या, पण त्यांना सांगू नका. नवरदेव त्याच गाडीवर चढणार आहे ना? आपली गाडी बाप ओळखील. मोडका चिमटा आहे असं समजून पोराला उतारावर जाऊ देतो का, बघू. बोलला तर त्या घरी जाईन. नाही बोलला तर अंतरपाट धरायचाच नाही.

धर्मराजाला हा न्याय फार आवडला, कारण त्यात न विचारलेलं न सांगण्याचा त्याचा नेम जसाच्या तसा शाबूत होता. तो त्याच दिवशी कल्याणहून कागदात गुंडाळलेला कोरा चिमटा घेऊन आला. बसवताना कुंदा समोर बसून राहिली. तिनं चिमटा हातात घेऊन दोन्ही पाय तपासले, बसवल्यावर पुन्हा एकदा काढून दाखवायला लावला, आणि मग परसदारी चक्कर मारून आली. इतकं कडक गिऱ्हाईक धर्मराजाला त्याआधी मिळालं नव्हतं. नावावर त्यानं रंग दिला, पण पातळ, बोटाला टिंबं लागतील असा.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं होतं ते शिवमंदिराच्या अंगाला, चढावरच्या एका घरी. तिथून वाट ओढ्याकडे चांगली सरळ उतारानं जायची आणि ओढ्यापलीकडे शेलारांचा मांडव. धर्मराज सायकल घेऊन वर गेला. हँडलाला झेंडूची माळ, कॅरिअरला लाल फडकं. वऱ्हाडानं ठरल्याप्रमाणे तोंडात बोटं घातली. राजाबाई ओवाळायचं ताट घेऊन मागे उभी होती, आणि ताटातलं निरांजन तिनं अजून पेटवलं नव्हतं.

कोंडाजी फेटा सावरत सायकलीभोवती फिरला. मिशीवरून हात फिरवला, सीट थापटलं, घंटा वाजवली. मग सवयीनं, परात घ्यावी तसं, त्याचं बोट खाली गेलं, तळाशी फिरलं आणि थांबलं. धर्मराज त्या बोटाकडेच पाहत होता. कोंडाजीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

मग सुरू झाली कोंडाजीची धावपळ. म्हणाला, ऊन फार आहे, नवरदेवानं पायी जावं. कुणी ऐकलं नाही. म्हणाला, आमच्या कुळात नवरदेव चाकावर बसत नाही. त्याच्या सख्ख्या भावानं आठवण करून दिली की तू स्वतः बैलगाडीतून गेला होतास. म्हणाला, घोडी आणा. घोडी तूच नको म्हणालास, असं तिघं एकदम बोलले. मग तो धर्मराजाच्या कानाशी आला.

“व्याही, ह्यो चिमटा...”

“काय चिमट्याचं?”

“काय नाय.” कोंडाजीनं फेटा चाचपला. “चांगला दिसतोय.”

“दिसतोय खरा,” धर्मराज म्हणाला.

विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. एवढंच विचारायचं होतं, की चिमटा नवा आहे का जुना. पण ते विचारायचं म्हणजे जुना कसा होता हे आपल्याला माहीत असल्याचं कबूल करायचं, आणि कोंडाजीच्या जिभेला त्या वाटेची सवय नव्हती.

जयदेव मुंडावळ्या सावरत सीटवर बसला. ताशा कडाडला. त्यानं एक पाय टेकून घंटा वाजवली आणि गाडी सोडली. धर्मराजाला ठाऊक होतं की चिमटा कोरा आहे, हत्ती बसवला तरी मोडणार नाही. तरी तो दोन पावलं पुढे सरकला. उतार लागत होता, गाडीला वेग येत होता, आणि कोंडाजी आपला मिशीला हात लावून उभा होता. राजाबाईनं ताट खाली केलं आणि मांडवाच्या वाटेला वळण्यासाठी पाऊल उचललं.

आणि कोंडाजी धावला. फेटा गेला, एक वहाण गेली, धोतराचा सोगा सुटला, पण तो उतारावर अशा वेगानं धावला की मागे भाऊबंद म्हणाले, हा कधी बैलामागेसुद्धा धावला नव्हता. त्यानं कॅरिअर पकडलं, ओढला गेला, धुळीत गुडघ्यांवर आला, पण सोडलं नाही. सायकल आडवी झाली. जयदेव मुंडावळ्यांसकट गवतात.

“उतर. चिमटा मोडका हाय तिचा.”

जयदेव उतरलेलाच होता. ताशा बंद पडला. धर्मराज सावकाश चालत खाली आला.

“तुमाला कसं म्हाईत, व्याही?”

कोंडाजी तिथंच धुळीत बसला होता. त्यानं भाऊबंदांकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. “माजीच गाडी हाय ती. भाताचं पोतं घेऊन येताना चिमटा मोडला. लाख भरून इकली मी, कॅम्पात.”

धर्मराजानं काखेतलं फडकं सोडलं आणि झाळलेला चिमटा त्याच्यापुढे ठेवला. म्हणाला, ही तुमची वस्तू. गाडीला कोरा घातलाय. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

कोंडाजीनं त्या चिमट्याकडे पाहिलं, मग पुढच्या चाकाकडे. माणूस कसलेला, क्षणात सावरला. उठून गुडघे झटकत म्हणाला, “म्हंजे सायकल जुनी हाय तर.”

आता सगळं वऱ्हाड धर्मराजाकडे वळलं. विचारलं गेलं होतं.

“हाय,” तो म्हणाला. “तुमच्याइतकी जुनी नाय, पन हाय.”

पहिल्यांदा हसला तो कोंडाजीचा भाऊ. मग ताशावाला. मग हसणं असं पसरलं की खुद्द नवरदेवही गवतात बसून हसायला लागला. राजाबाई मात्र हसली नाही. ती परत फिरून धर्मराजाजवळ आली, आणि नुसती उभी राहिली. अजून निरांजन पेटलेलं नव्हतं. धर्मराजानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या मोडलेल्या रेघेकडे.

“आन् आनखी एक,” तो वऱ्हाडाला म्हणाला. “मीबी न खोलता रंगवली हुती. रेघ चांगली आली म्हनून. तांबट आला नसता, तर ही तशीच मोडकी आली असती तुमच्या दारात.”

हे कुणीही विचारलं नव्हतं. राजाबाईनं काडी ओढली, आणि आधी जावयाला, मग, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, गुडघे फुटलेल्या व्याह्याला ओवाळलं. अंतरपाट वेळेवर धरला गेला. मंगलाष्टकं चालली असताना कुंदानं जयदेवला हळूच विचारलं की लागलं का, आणि त्यानं खरं सांगितलं, की हो.

पुढे राजाबाईच्या आग्रहानं कोंडाजीला नव्या भाताची गोण घेऊन कॅम्प दोनला हासानंदाकडे जावं लागलं. काय झालं होतं ते त्यानं सांगितलं म्हणतात. हासानंद म्हणतो, नाही सांगितलं, नुसता गोण टाकून साईं साईं करत बसला. कशासाठी ते हासानंदाला कळेना, पण आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवणं त्याच्या घरी नव्हतं. त्यानं पापडांचा एवढा मोठा गठ्ठा दिला की कात्रपला महिनाभर लोक पापडच खात होते, आणि कोंडाजीला प्रत्येक पापडाबरोबर काही तरी बोचत होतं.

धर्मराजाचा नेम त्या दिवशी मोडला तो मोडलाच. तो आता गिऱ्हाईक समोर आलं की आपणहून सुरू व्हायचा, चिमटा असा, चेन तशी, हब कुरकुरतो. पहिले काही महिने धंदा पार बसला. लोक म्हणत, एवढं सांगतोय, म्हणजे आत काही तरी भयंकर असणार. श्यामकांत टिपणीस तर हिरमुसले. रविवारची दुपार आता काढायची कशी? मग कुमुदिनीबाई येऊन एक सायकल घेऊन गेल्या, काही न विचारता, आणि गाव पुन्हा चिंचेखाली यायला लागलं.

कोंडाजी मात्र कोंडाजीच. दसऱ्याला अंगणात नांगर, पहार, विळे मांडून पूजा व्हायची, त्यात सायकलही आली. त्यानं ती पूजेआधी उलटी केली, तळाचं नाव चिंचेनं घासून लखलखीत केलं, आणि सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटला की पाहा, वस्तू कशी असते, विकली तरी फिरून मालकाच्याच दारात येते. लक्ष्मी आहे, लक्ष्मी. लोक माना डोलावत होते. ओट्यावर शेंदूर कालवत बसलेल्या कुंदानं मान वर न करता आवाज दिला.

“मामंजी, आता चिमट्याचंपन सांगा.”